सरांचा सतराशेचा आकडा

खुशालराव ढोमणे सरांच्या पंचाहत्तरीनिमित्त गौरव अंक निघतोय, तुम्ही त्यांच्या हाताखाली बरीच वर्षं काम केलंत, तर दोन पानं आठवणी द्या, असा परवा एका बाईंचा फोन आला. ‘आठवणी गोड असू द्या बरं का,’ असंही त्या म्हणाल्या. गोड! मी फोन ठेवला आणि नंतर बराच वेळ स्वयंपाकघरात उगाच भांडी आदळत राहिले. सरांच्या आठवणी काढल्या की मला अजून मळमळतं. पण मागितलंच आहे तर लिहिते. छापायची त्यांची छाती होणार नाही, ते वेगळं.

आधी एक सांगून टाकते. सर लबाड नाहीत. चहाचा कप आणि सत्काराची शाल यापलीकडे त्यांनी कुणाकडून कधी काही घेतलं नाही. गावोगाव उन्हातान्हात फिरले, घरची भाकरी बांधून नेली, कुणाला नाही म्हणाले नाहीत. लबाड असते तर मी चार शिव्या हासडून मोकळी झाले असते. लबाड माणसाला निदान खरं काय ते ठाऊक असतं हो. सरांना ते ठाऊक करून घ्यायचंच नव्हतं, आणि याचीच मला जास्त किळस येते.

सरांचा जन्म भातकुलीकडच्या खारपाणपट्ट्यातला. तिकडची जमीन काळी, कसदार, कापूस-तूर नुसती फोफावते; पण खालचं पाणी खारट. त्या पाण्यात तुरीची डाळ तासभर ठेवली तरी शिजत नाही, चहात दूध ओतलं की फाटतं, केस धुतले की डोक्याचा झाडू होतो. सरांची आई ते लहान असतानाच गेली. थोरली बहीण दुर्गाबाई, तिनं शाळा सोडली आणि दूरच्या गोड विहिरीवरून डोक्यावर पाणी आणत घर ओढलं. त्या पाण्यावर सर वाढले, अमरावतीला भूगर्भशास्त्र शिकले, अकोल्यात प्राध्यापक झाले. निवृत्त झाल्यावर त्यांनी अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीपलीकडच्या एका बोळात, भांड्यांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत ‘जलवेध सल्ला केंद्र’ नावाचं ऑफिस थाटलं. संख्याशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर मी तिथे लागले. कॉम्प्युटरवर बसायचं आणि अहवाल काढायचे, हे माझं काम.

अहवाल कसले, तर बोअरच्या पाण्याचे. आमच्या पट्ट्यात नवा बोअर मारला की पहिलं पाणी बरं लागतं. मग जसजसा पंप चालतो तसतसं खालचं खारं पाणी वर ओढलं जातं. म्हणून आम्ही सकाळी पंप सुरू करायचो आणि संध्याकाळपर्यंत दर अर्ध्या तासाला मीटर बुडवून पाण्यातला क्षार मोजायचो, लिटरमागे किती मिलिग्रॅम तो. आकडा आधी भराभर चढतो, मग हळूहळू चढतो. प्रश्न एकच असतो: महिनोन् महिने उपसल्यावर तो चढून चढून थांबणार कुठे? दोन हजारांच्या वर थांबणार असेल तर ते पाणी पिण्याच्या योजनेत बाद. पण महिनोन् महिने पंप चालवून पाहायला कोण बसलंय? म्हणून दिवसभराचे आकडे ठिपके म्हणून कॉम्प्युटरला द्यायचे, त्यांच्यातून जाणारी वाकडी रेषा बसवायची आणि ती पुढे कुठे टेकते ते काढायचं.

आता सरांची पद्धत ऐका. पंप सुरू झाला की सर चपला काढून बोअरपाशी जायचे. स्वतःच्या बाटलीतल्या गोड पाण्यानं चूळ भरायचे. मग ओंजळीत बोअरचं पाणी घेऊन एक घोट तोंडात धरायचे, डोळे मिटायचे. भोवती अख्खं गाव श्वास रोखून उभं. बाया पदर तोंडाशी धरून बघतायत, म्हातारे काठ्या टेकून. मग सर घोट गिळायचे आणि आकडा सांगायचे, ‘चौदाशे.’ किंवा ‘अकराशे.’ ऑफिसात आलं की मी तो आकडा प्रोग्रॅममध्ये टाकायची, कारण रेषा बसवायला सुरुवातीचा काहीतरी अंदाज द्यावाच लागतो. बटण दाबलं की हिरव्या अक्षरांत यायचं, ‘जुळणी पूर्ण’, आणि खाली उत्तर, चौदाशे अकरा. सरांच्या जिभेनं चौदाशे, यंत्रानं चौदाशे अकरा! गावात अहवाल वाचला की टाळ्या पडायच्या, शाली निघायच्या. ‘सरांची जीभ म्हंजे लॅब हाय लॅब,’ असं लोक म्हणायचे, आणि सर नको नको म्हणत खांद्यावरची शाल नीट करायचे.

हे असं चाललं होतं आणि मग दुर्गाबाईच्या गावाचं काम आलं.

दुर्गाबाईचं सासर त्याच पट्ट्यात. गावाचं नाव लिहीत नाही, तिथल्या लोकांचं जे व्हायचं ते झालंय, त्यांना आणखी नाचक्की नको. त्या भागाला नदीवरून गोड्या पाण्याची पाइपलाइन येणार होती. अट अशी होती की ज्या गावाचा स्वतःचा बोअर पिण्यासाठी पास, त्या गावाचं नाव पाइपलाइनच्या यादीतून कमी. एकदा कमी झालं की झालं, पुन्हा कुणी विचारायला येत नाही. गावकऱ्यांना मात्र बोअरचीच घाई. पाइपलाइन यायला दोन-तीन वर्षं लागणार, बोअर पास झाला तर नळ महिन्याभरात. दुर्गाबाई तेव्हा ग्रामपंचायतीत सदस्य होती. तिनंच भावाला बोलावलं. आपल्या गावाला आपला भाऊ पाणी देणार म्हणून ती दारोदार सांगत फिरत होती.

सरांनी चूळ भरली, घोट घेतला, डोळे मिटले. ‘सतराशे,’ म्हणाले. दुर्गाबाईनं त्यांच्या डोक्यावरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी आकडे भरले. मला निघायची घाई होती, त्या गडबडीत सतराशेऐवजी सत्तावीसशे टाकले गेले. बटण दाबलं. हिरवं आलं, ‘जुळणी पूर्ण’. उत्तर सव्वीसशे एकोणनव्वद. मी म्हटलं, हे काय आता? चूक दिसली तशी सतराशे टाकले. हिरवं. सतराशे चार. मी पिशवी खाली ठेवली. बाराशे टाकले. हिरवं. बाराशे अकरा. पस्तीसशे टाकले. तेही हिरवं. तेच ठिपके, तोच बोअर, तोच दिवस, आणि यंत्र प्रत्येक वेळी माझाच आकडा चार-दोन इकडेतिकडे करून मला परत देतंय आणि वर शाबासकी देतंय! अंगावर पाल पडावी तशी मी खुर्चीतून उठले.

हे रेषा बसवणं काय असतं ते सांगते, कारण सगळी घाण तिथेच आहे. ती रेषा दोन गोष्टींनी ठरते. क्षार शेवटी कुठे थांबणार हा एक आकडा, आणि तिथवर किती वेगानं पोचणार हा दुसरा. हे दोन्ही एका फटक्यात सूत्रातून निघत नाहीत. आधी अंदाजानं काहीतरी धरायचं, रेषा काढायची, प्रत्येक ठिपका रेषेपासून किती चुकला ते पाहायचं, त्या चुकांचे वर्ग करून बेरीज घ्यायची. मग दोन्ही आकडे जरा सरकवून पुन्हा तेच करायचं. बेरीज कमी झाली तर दिशा बरोबर. असं सरकत सरकत, बेरीज जिथे सगळ्यात कमी तिथवर जायचं. पण थांबायचं कधी, हे यंत्राला कुणीतरी आधीच सांगून ठेवावं लागतं. त्या आकड्याला टॉलरन्स म्हणतात. किती बारीक फरकाला फरक म्हणायचं, एवढंच तो सांगतो. बेरीज त्याच्याहून कमी हलली की यंत्र म्हणतं, झालं, पोचलो.

आमच्याकडचं शेत पाहा. डोळ्याला सपाट दिसतं, पण पावसाचं पाणी बरोबर नाल्याकडेच जातं, कारण इंच-दोन इंच उतार असतोच. एखाद्याचे डोळे बांधून त्याला त्या शेतात सोडला आणि सांगितलं, की बाबा, पावलागणिक वीतभर उतार लागला नाही तर तिथेच बस. तो पहिल्याच पावलाला बसेल. वर शपथेवर सांगेल की शेतातली सगळ्यात खोल जागा हीच. आमच्या प्रोग्रॅममध्ये नेमकं हेच झालं होतं. एका दिवसाच्या मोजमापात उतार मुळातच बारीक, कारण आकडा उंच धरला आणि वेग कमी धरला तरी रेषा ठिपक्यांतून जवळपास तशीच जाते. अशा जागी टॉलरन्स फार बारीक पाहिजे. मी आत जाऊन पाहिलं तर तो दहा टक्क्यांवर आणून ठेवलेला. बेरीज दहा टक्क्यांनी हलली नाही की थांब! असलं शेण त्या प्रोग्रॅममध्ये इतकी वर्षं पडून होतं.

माझ्याआधी तिथे गजेंद्र नावाचा मुलगा कामाला होता, पुढे पुण्याला गेला. त्याला फोन लावला.

‘अवो, ते होय?’ तो हसायलाच लागला. ‘पहिले तिथं लाल अक्षरं येत होती. जुळणी झाली नाही, जुळणी झाली नाही, असं. सर भडकत. रिपोर्टात लाल रंग नाही पाहिजे म्हने. मंग मी टॉलरन्स ढिला केला. लाल गेलं, हिरवं आलं, सर खुश.’

‘गजेंद्र, अरे मग सर जे सांगतील तेच उत्तर येणार हे तुला कळलं नाही का?’

‘मले सरांचा मूड कयत होता ना ताई, तेवढं बस झालं,’ म्हणाला, आणि त्याला मीटिंग होती म्हणून त्यानं फोन ठेवला. मला तो फोन धरलेला हातसुद्धा धुवावासा वाटला.

मी टॉलरन्स आवळला. दशांशानंतर सात-आठ शून्यं असावीत तसा बारीक केला. मग यंत्र खरं चालायला लागलं. बाराशेपासून सोडा, सतराशेपासून सोडा, पस्तीसशेपासून सोडा, सगळीकडून एकाच ठिकाणी येऊन थांबायचं. एकोणतीसशेच्या आसपास. म्हणजे बोअर बाद. पण मीही आकड्याला भुलणारी नाही. आणखी आवळून पाहिलं तेव्हा पुन्हा लाल अक्षरं आली, कारण यंत्राचे स्वतःचे दशांशच तेवढे बारीक नसतात, ते जागच्या जागी घुटमळत राहतं. आणि टॉलरन्स कितीही बारीक केला तरी एका दिवसाच्या ठिपक्यांत जेवढी माहिती आहे तेवढीच आहे. शोध नीट पार पडला एवढंच ते हिरवं अक्षर सांगतं, पाणी कसं आहे ते सांगत नाही. मी हिशेब करून पाहिलं, तर खरा आकडा तेवीसशेपासून पंचेचाळीसशेपर्यंत कुठेही असू शकत होता. नेमका कुठे, ते तीन दिवस सलग पंप चालवल्याशिवाय कळणार नव्हतं. दोन हजारांच्या आत मात्र तो जवळपास नक्कीच नव्हता.

मी सरांना बसवून सगळं दाखवलं. बाराशे टाकून दाखवले, पस्तीसशे टाकून दाखवले. सर चष्मा वर करून लक्ष देऊन बघत होते. मला वाटलं, आता कळलं यांना. आता ते कपाळाला हात लावतील.

सर म्हणाले, ‘म्हंजे सतराशेही हिरवंच हाय ना?’

‘सर, सगळंच हिरवं येतंय!’

‘तेच म्हनतो मी. सगयं हिरवं येते, त्यात सतराशे बी येते. मंग सतराशे काहून चुकीचं?’

पस्तीस वर्षं पोरांना शिकवलेला माणूस! मी म्हटलं, सर, तीन दिवस पंप चालवू, मग बघू. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. रागानं ठेवला असता तर चाललं असतं, मायेनं ठेवला. ‘पोरी, खाऱ्या पान्यात जलमलो मी. कॉम्प्युटरच्या बापाले तरी चव कयते काय?’ आणि सतराशे चारच्या अहवालावर त्यांनी माझ्यासमोर सही केली. ऑफिसातल्या चहालाही मला त्या दिवसापासून वास यायला लागला.

ग्रामसभेच्या आदल्या दिवशी मी एसटीनं दुर्गाबाईकडे गेले. तिनं चहा टाकला, तो फाटला. हसत म्हणाली, ‘आता थोडेच दिस राह्यले याचे.’ मी तिला कॉम्प्युटर, टॉलरन्स काही सांगितलं नाही. एवढंच सांगितलं, की आत्या, सर जो आकडा म्हणतात तोच यंत्राला आधी सांगितला जातो, आणि यंत्र तोच परत म्हणतं. दुसरा सांगितला तर दुसरा म्हणतं.

तिनं चूल नीट केली. मग म्हणाली, ‘म्हंजे खुशालच्या तोंडचंच ते बोलते.’

‘हो आत्या. आणि खरं पाणी बहुतेक दोन हजाराच्या वर जाणार. उद्या तुमचं गाव यादीतून गेलं की संपलं.’

‘पंप किती चालवा लागंन?’

‘तीन दिवस, न थांबता.’

‘मंग चालवू. त्यात काय हाय. उद्या मी उभी राह्यते अन् सांगते.’ तिनं माझा हात धरून सांगितलं. बोलली तशी वागणारी बाई आहे, हे साऱ्या गावाला माहीत होतं. मी निवांत मनानं परत आले.

ग्रामसभा देवळापुढच्या मंडपात भरली. योजनेचे साहेब आले होते, सर त्यांच्या शेजारी बसले होते. अहवाल वाचून झाला, टाळ्या झाल्या. कुणाला काही बोलायचंय का, असं साहेबांनी विचारलं, तेव्हा मी उठले. सरांचं तोंड उतरलं. मी जमेल तेवढ्या सोप्या भाषेत सांगितलं. लोक ऐकत होते, नाही असं नाही. मग पाठीमागून एक म्हातारा म्हणाला, ‘ते सगयं ठीक हाय बाई. सर म्हनते सतराशे. तुहा आकडा किती?’

मी म्हटलं, ‘तेवीसशे ते पंचेचाळीसशेच्या मधे कुठेतरी. नक्की आज सांगता येत नाही.’

असा हशा पिकला म्हणता! ‘घ्या! इले तर आकडाच ठाव नाही!’ ‘सर घोटात सांगते, हे कॉम्प्युटर घेऊन बसली अन् सांगता येत नाही म्हनते!’ साहेबही हसले. ‘मॅडम, माझ्या रकान्यात एकच आकडा बसतो,’ म्हणाले. म्हणजे खोटा असला तरी चालेल, पण एक पाहिजे. मला माहीत नाही असं जो खरं सांगतो तो येडा, आणि जो डोळे मिटून ठोकून देतो त्याला शाल. पण मी दुर्गाबाईकडे पाहत होते. आता ती उठेल.

ती उठली. पदर नीट केला. तोंड उघडणार तेवढ्यात तिचं लक्ष सरांकडे गेलं. सर मान खाली घालून बसले होते, दोन्ही हात मांडीखाली धरून, मास्तरांनी उभं करण्याआधी पोरं बसतात तसे.

मग ती म्हणाली, ‘माह्या भावानं आजवर चुकीचं सांगतलं नाही. बोअर पास करा.’

टाळ्यांनी मंडप दणाणला. साहेबांनी सही केली, गावाचं नाव यादीतून गेलं. मी मंडपाबाहेर आले. दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या किल्ल्या खालच्या भांडेवाल्याकडे ठेवल्या आणि नोकरी सोडली. निघण्याआधी टॉलरन्स बारीक करून ठेवला होता. सरांनी नव्या माणसाकडून तो पुन्हा ढिला करून घेतला, असं मागाहून कानावर आलं. लाल अक्षरं येत होती म्हणे.

नळ महिन्याभरात आले, त्यात सर खोटे ठरले नाहीत. पहिला उन्हाळा जेमतेम गेला, मग नळाचं पाणी खारट होत गेलं. पुढे पाइपलाइनही आली. निळे पाइप दुर्गाबाईच्या गावाच्या फाट्यावरून पुढे गेले आणि पलीकडच्या गावात शिरले. गावकरी अर्ज घेऊन फिरले, मोर्चा नेला. तुमच्याकडे पास झालेला बोअर आहे, असं उत्तर मिळालं.

गेल्या दिवाळीत मी दुसऱ्या एका संस्थेच्या कामासाठी तिकडे गेले होते. फाट्यावर दुर्गाबाईनं मला गाठलं आणि नाही नाही म्हणताना घरी नेलं. दारात रांगोळी पाहिली आणि मला आठवलं, आज भाऊबीज. आत सर बसले होते, कपाळाला कुंकू लावलेलं, ओवाळणी नुकतीच झालेली. माझ्या पिशवीत मीटर होता. हात धुवायच्या निमित्तानं मी मोरीवरच्या नळाचं पाणी मोजलं. अठ्ठावीसशे साठ.

दुर्गाबाईनं सरांना तांब्याभर पाणी आणून दिलं. सरांनी घोट तोंडात धरला, डोळे मिटले, गिळला. ‘पाह्य दामिनी,’ म्हणाले, ‘तू उगाच बोंबलत होती. कसं गोड लागून राह्यलं. सतराशेच्या वर काडीभर नाही.’

स्वयंपाकघराच्या दारामागे अमरावतीहून टेम्पोनं येतो तो पाण्याचा निळा जार उभा होता. त्याच्यावर जुनं लुगडं टाकून झाकलेलं, पण बूड दिसत होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

‘सर, ते जारचं पाणी आहे. नळाचं नाही.’

‘काही बी बोलते हे पोरगी,’ दुर्गाबाई पटकन म्हणाली. ‘नयाचंच हाय खुशाल. आताच भरलं म्या.’

सर खो खो हसले. ‘घ्या. ताई खोटं बोलंन काय?’

मी उठून स्वयंपाकघरात गेले. दुर्गाबाई मागोमाग आली आणि दार लोटून घेतलं. मी दात-ओठ खात विचारलं, ‘आत्या, लाज वाटते का तुम्हाला? त्या दिवशी माझा हात धरून शब्द दिला होता. अख्खं गाव खारं पाणी पितंय, आणि हा माणूस अजून गावोगाव घोट घेत हिंडतोय. तुम्ही त्याला गोड पाजता!’

‘त्याले खोटं पाडलं तर आता पाइप वापस येईन काय?’ ती हळूच म्हणाली. ‘वर्साले एक खेप येते तो. त्याच्यापुरता एक जार आनते मी.’

‘दुसऱ्या गावांचं काय?’

तिनं फळीवरून गोळ्यांची पट्टी काढली आणि एक गोळी सोडवून हातावर घेतली.

‘कसली गोळी?’ मी विचारलं.

‘मुतखड्याची. तीनदा झाला. डॉक्टर म्हनते, पानी खूप पेत जाय.’

जार तिच्या कोपरापाशी होता. तिनं त्याला हात लावला नाही. कोपऱ्यातल्या पिंपातून नळाचं पाणी गच्च पेलाभर काढलं, गोळी तोंडात टाकली आणि उभ्या उभ्या सगळं पिऊन टाकलं.